नाव काय, गाव कुठलं

काशीत कुणी कुणाला हटकत नाही. अंगावर धड कपडा नसलेला माणूस घाटाच्या पायरीवर आठवडाभर बसून राहिला तरी त्याला कुणी उठवत नाही. स्वतःशी बोलणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. जटा वाढलेल्या, नजर हरवलेल्या माणसासमोर जाणारा-येणारा हात जोडतो, द्रोणातली पुरीभाजी ठेवतो आणि पुढे होतो. न जाणो, अवधूत असेल, एखादा पोचलेला पुरुष असेल. ज्या शहरानं अघोऱ्यांना आणि अवलियांना पोटाशी धरलं, त्याला वेडाची भीती कशी वाटणार? मी याच शहरात जन्मले, दुर्गाघाटाजवळच्या एका मराठी घरात वाढले. माझ्या शहराच्या या मोठ्या मनाचा मला लहानपणापासून अभिमान आहे.

मानसिक आजारामुळे घर सुटलेल्या माणसांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी नोकरीला लागले, तेव्हा या मोठेपणाला लागून असलेली पोकळी मला दिसली. हटकत नाही म्हणजे विचारतही नाही. समोरची पुरी संपली का, पायाची जखम कधीची आहे, रात्री झोप लागते का, घरी कोण आहे, यातलं काहीच कुणी विचारत नाही. माणूस वर्षानुवर्षं गर्दीच्या मधोमध बसून राहतो आणि हळूहळू त्या पायरीचाच एक भाग होऊन जातो. आमचं सगळं काम या न विचारलेल्या प्रश्नांपासून सुरू व्हायचं.

एवढी माणसं इथं येतात कुठून, असं मला महाराष्ट्रातले नातेवाईक नेहमी विचारतात. उत्तर अवघड नाही. रेल्वेगाड्या इथं येऊन संपतात. मुंबईहून सुटलेली महानगरी मनमाड, भुसावळ, इटारसी, जबलपूर करत इथं पोचते आणि थांबते. आजाराच्या भरात कुठल्याशा स्टेशनावर चढलेल्या माणसाला आपण कुठे निघालो आहोत हे ठाऊक नसतं. डबा रिकामा होतो, सफाईवाले येतात, त्याला उतरावं लागतं. मग काशीत अन्न मिळतं. अन्नपूर्णेच्या या गावात उपाशी कुणी झोपत नाही अशी श्रद्धा आहे आणि ती खरी ठरवण्यासाठी अन्नक्षेत्रांतून रोज पानं वाढली जातात. प्रयागच्या माघ मेळ्यात चुकलेली माणसंही वाहत इथवर येतात. आणि काहींना घरच्यांनीच इथं आणून सोडलेलं असतं. गंगेच्या काठी सोडलं म्हणजे रस्त्यावर टाकलं असं होत नाही, अशी स्वतःची समजूत घालून. अशा घरांचा मला सुरुवातीला फार राग यायचा. नंतर ती घरं आतून बघितली आणि त्या रागाची धार गेली.

आमची फेरी पहाटे निघायची. गाडीचा चालक, एक नर्स, एक सेविका आणि मी. अस्सीपासून राजघाटापर्यंत नदीकाठ आणि मग कँट स्टेशनचा परिसर. गंगा इथं उत्तरवाहिनी आहे, घाट पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत, त्यामुळे पहिलं ऊन सरळ पायऱ्यांवर पडतं आणि रात्रभर अंधारात असलेले चेहरे एकदम दिसू लागतात. आमची कामाची वेळ ती. काम शिकवणाऱ्या चाची चंदौलीकडच्या होत्या, शाळेत फारशा गेलेल्या नव्हत्या. त्यांनी मला पहिला धडा दिला तो बसण्याचा. समोर उभं राहायचं नाही. वरच्या पायरीवर बसायचं नाही. त्याच्याच पायरीवर, हात पोचणार नाही एवढं अंतर ठेवून बसायचं, आणि नदीकडे बघायचं. त्याच्याकडे नाही. कुल्हडात चहा आणायचा, एक आपला, एक त्याचा, आणि त्याचा कुल्हड मधल्या जागेत ठेवायचा. तो उचलेपर्यंत आपण आपला संपवायचा नाही. कधी त्याच दिवशी उचलला जायचा. कधी आठवडा जायचा. आम्ही जातच राहायचो.

गाडीत बसून यायला माणूस तयार झाला की पोलीस ठाण्यात नोंद, सरकारी रुग्णालयात तपासणी, कागदपत्रं. मग न्हाणीघर. या कामाचं वर्णन करताना लोक आवाज खाली आणतात, पण मला वाटतं ते नीट सांगायला हवं, कारण संस्थेतले कर्मचारी दिवसाचा मोठा भाग हेच करतात. जटांमध्ये उवा असतात, कधी दोरा, तारा, प्लॅस्टिक गुंतलेलं असतं. पायाच्या जखमेत अळ्या असतात. टर्पेंटाईन घालून त्या एकेक काढाव्या लागतात आणि त्या काढताना बोलत राहावं लागतं. वास नाकात घरी येतो, जेवताना आठवतो. केस कापण्याआधी विचारायचं, हा चाचींचा नियम. समोरच्याला कळो न कळो, विचारायचं. नकार आला तर त्या दिवशी कात्री खाली. एका म्हाताऱ्या बाबांचे केस कापायला आम्ही कितीतरी दिवस थांबलो होतो. डोक्यावर एवढं ओझं घेऊन ते मान वाकडी करून बसायचे, पण नाही म्हणायचे. त्यांचा तो नकार जपला गेला आणि त्यानंतर ते माझ्याशी बोलू लागले. वर्षानुवर्षांनंतर त्यांच्या बोलण्याला कुणीतरी किंमत दिली होती.

डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. गोळ्या सुरू झाल्या की माणूस कसा परततो ते रोज जवळून बघायला मिळणं, ही या नोकरीची खरी कमाई. सगळ्यात आधी झोप परत येते. मग भूक, आणि भुकेबरोबर चव. डाळीत मीठ कमी आहे असं कुणी म्हणालं की स्वयंपाकघरात आनंद व्हायचा. मग लाज येते. न्हाणीघराचं दार लावून घेतलं जातं, ओढणी मागितली जाते, कंगवा मागितला जातो. मग कधीतरी एक सकाळ अशी उजाडते की माणूस अंगणात उभा राहतो, भिंतीकडे, झाडाकडे, आपल्याकडे बघतो आणि विचारतो, हे कुठलं गाव? त्यानं स्वतः विचारलेला हा पहिला प्रश्न. ती सकाळ कठीण असते. कारण त्याच्या मागोमाग मधल्या वर्षांचा हिशोब येतो. घरातून निघताना कडेवर असलेलं लेकरू आता केवढं झालं असेल हे बाईच्या मनात येतं, आणि तिच्याशेजारी नुसतं बसून राहण्यावाचून तुमच्याकडे दुसरं काही नसतं.

गाव शोधायच्या कामात माझं शहर फार उपयोगी पडलं. काशीत सगळा देश राहतो. कुणी बंगालीत पुटपुटलं तर बंगाली टोल्यातून एखाद्या आजोबांना बोलवायचं. तमिळ असेल तर हनुमान घाट, जिथं सुब्रमण्य भारती तरुणपणी राहिले. तेलुगू असेल तर मानसरोवर घाटाच्या बाजूला आंध्रातून आलेल्या यात्रेकरूंचा आश्रम. नेपाळी असेल तर ललिता घाट. आणि मराठी असेल तर पंचगंगा, ब्रह्मघाट, दुर्गाघाट हा माझाच मोहल्ला. मोक्षासाठी, विद्येसाठी, वैधव्य काढण्यासाठी ज्या वाटांनी माणसं शेकडो वर्षं या शहरात येत राहिली, त्याच वाटा उलट्या चालत आम्ही माणसांना घरी नेत होतो.

एक बाई आमच्याकडे बरेच दिवस मुक्या होत्या. चहा वाटताना पातेलं कलंडलं आणि त्या पटकन मागे सरकून म्हणाल्या, अगं बाई! मी ताट टाकून त्यांच्यापाशी गेले. मावशी, भाजलं का? असं मी मराठीत विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं ते मी विसरणार नाही. तरी गावाचं नाव लगेच आलं नाही. नावं उशिरा येतात. आधी आला साखर कारखान्याचा भोंगा. मग बुधवारचा बाजार. मग नदी ओलांडून जाणारी एसटी. या तीन खुणा घेऊन आम्ही फोन करत सुटलो. कारखान्यांना, एसटीच्या आगारांना, पोलीस ठाण्यांना. शेवटी एका पोलीस पाटलांनी पलीकडून सांगितलं, हो, आहे अशी एक बाई, तिचा भाऊ समोरच राहतो.

त्यांना पोचवायला मी गेले. आगगाडीत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. खंडवा, भुसावळ आलं, फलाटावर मराठी पाट्या दिसू लागल्या, तशा त्या एकेक पाटी मोठ्यानं वाचू लागल्या. पुढचं दृश्य लोकांना डोळे पुसायला लावणारं हवं असतं. तसं ते झालंही. भाऊ रडला, शेजारी जमले, कुणीतरी ओवाळलं. पण मला आठवते ती वहिनी, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिलेली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. पूर्वीची ती रात्रीची ओरड, जळालेली चूल, लहान मुलांना घेऊन शेजाऱ्यांकडे काढलेल्या रात्री, हे सगळं तिनं सोसलेलं होतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या 'देवराई' चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला सांभाळणारी बहीण आहे. तिची दमणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना या वहिनीचं मन कळेल. मी त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ तिच्याशी बोलले. कुठली गोळी कधी द्यायची, झोप उडाली की काय समजायचं, जिल्हा रुग्णालयात औषध मोफत कुठं मिळतं. तिनं वहीत लिहून घेतलं. पुढची फोनवरची विचारपूस मी तिच्याकडेच करायचे, कारण त्या घरातली परिचारिका आता ती होती.

या वाटेनं आमच्याआधी पुष्कळ जण गेले आहेत. महाराष्ट्रात हे काम म्हटलं की कर्जतचं 'श्रद्धा' आठवतं. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्यानं १९८८ साली मुंबईत ते सुरू केलं. रस्त्यावर करवंटीनं गटाराचं पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला, त्यांनी त्याला उचलून उपचार केले, आणि तो आंध्रातल्या घरचा शिकलेला मुलगा निघाला. विचारण्यातूनच ती संस्था जन्मली. २००६ पासून कर्जतला त्यांचं केंद्र आहे. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर सात हजारांहून अधिक माणसं आपापल्या घरी पोचलेली होती. त्यांतल्या प्रत्येकाबरोबर कुणी ना कुणी कार्यकर्ता रेल्वेच्या डब्यात बसून, एसटी बदलून, शेताच्या बांधावरून चालत गेला आहे. चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ साली 'द बॅनियन' उभी केली, ती अशाच एका रस्त्यावरच्या बाईला कुठलीही संस्था घेईना म्हणून. अशा कामाच्या बातम्यांमध्ये संस्थापकांचे चेहरे असतात आणि ते असायलाच हवेत. पण फेरीच्या गाडीचा चालक, रात्रपाळीची सेविका, फोन फिरवत बसणारी समाजसेविका यांच्यावाचून यातलं एकही दार उघडलं नसतं.

कायदाही आता बाजूनं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की रस्त्यावर भटकणाऱ्या मानसिक रुग्णाला पोलिसांनी संरक्षण द्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, घरच्यांचा शोध घ्यायचा. तोच कायदा म्हणतो की घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून देता येणार नाही. यामागे मोठं दुःख आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आसऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. कायद्याची कलमं कागदावर असतात. त्यांना हातपाय देतात ते ठाण्याच्या बाकावर दोन-दोन तास बसून नोंद करून घेणारे संस्थांचे कर्मचारी. नव्या हवालदाराला कलम समजावून सांगायचं, त्याला न दुखावता, हेही आमच्या कामात मोडायचं.

आता त्या कर्मचाऱ्यांबद्दल, कारण ज्यासाठी मी लिहायला बसले ते हेच आहे.

नदीबरोबर आमचं वर्ष फिरायचं. श्रावण-भाद्रपदात गंगा चढते, घाट बुडतात, पायऱ्यांवरची माणसं गल्ल्यांत शिरतात आणि फेरीला ओळखीचे चेहरे सापडेनासे होतात. कार्तिकात देवदिवाळीची लाखोंची गर्दी, आणि गर्दी ओसरल्यावर मागे राहिलेलं कुणीतरी. पौषात धुकं असं उतरतं की समोरची नाव दिसत नाही, आणि दर सकाळी छातीत धाकधूक, रात्रीच्या थंडीत कोण टिकलं असेल. जो टिकत नसे त्याचे अंत्यसंस्कारही आम्हीच करायचो. नाव ठाऊक नसलेल्या माणसाला अग्नी देऊन आलेला चालक दुपारी पुन्हा गाडी काढायचा. कुणी सुट्टी मागत नसे. इथं काम म्हणजे सेवा, आणि सेवेत दमणूक बोलून दाखवायची नसते, असं सगळ्यांनी न ठरवता ठरवलेलं होतं. पगार थोडा, तोही अनुदानावर. प्रकल्प संपला की पगाराची खात्री संपायची. रात्रपाळीला दोन सेविका आणि वॉर्डभर माणसं. कधी कुणी अंगावर धावून यायचं, कधी कुणी गळा दाबायला यायचं, आणि सकाळी त्याच व्यक्तीला न्हाऊ घालायचं असायचं, त्याच मायेनं. घरी विचारायचे, लोक काय म्हणतील, वेड्यांच्यात नोकरी करतेस. एका हुशार मुलीचं लग्न त्यावरून मोडलं.

एकापाठोपाठ एक माणसं सोडून जाऊ लागली. त्यात एक दादा होता, ज्याच्याशी सगळ्यात बंद झालेली माणसंही बोलायची. जाताना तो म्हणाला, मी दिवसभर सगळ्यांना विचारतो, रात्री झोप लागली का? मला गेल्या वर्षभरात कुणी विचारलं नाही. त्याची झोप केव्हाच उडाली होती. चांगला कार्यकर्ता चोवीस तास ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये असूनही दिसेनासा होऊ शकतो, घाटावरच्या माणसासारखाच.

तो गेल्यावर थोरल्या डॉक्टरांनी शनिवारची बैठक सुरू केली. सगळे गोल बसायचे, चालक आणि स्वयंपाकीणबाईंसकट. रुग्णांबद्दल त्या तासात बोलायचं नाही. या आठवड्यात तुझ्या मनावर काय बसलं, एवढंच. पहिले काही शनिवार गप्प गेले. मग चाची बोलल्या. एवढ्या वर्षांत माझ्या हातावर जी माणसं गेली त्यांचे चेहरे मला स्वयंपाक करताना दिसतात, असं त्या म्हणाल्या आणि रडल्या. सगळ्यांना बसायला शिकवणारी बाई रडते आहे आणि कुणीही तिला गप्प करत नाही, हे आम्ही प्रथमच अनुभवत होतो. त्यानंतर काही बदल झाले, साधेच. मृत्यूनंतर एक दिवसाची रजा, न मागता. रात्रपाळीनंतरचा दिवस मोकळा. मार बसला तर तो लिहून ठेवायचा आणि त्याबद्दल बोलायचं. नव्या मुलीला पहिले तीन महिने एकटीला वॉर्डात सोडायचं नाही. यानं कामाचा भार कमी झाला नाही. तो वाहता येईल असा झाला. आणि त्याचा परिणाम वॉर्डात दिसला. ज्या सेविकेचं स्वतःचं ऐकलं गेलेलं असतं, ती कात्री घेण्याआधी न कंटाळता विचारू शकते.

देशात मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत, असं २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून पुढे आलं. सरकारची १४४१६ ही टेलिमानस मदतवाणी २०२२ पासून सुरू आहे. फोन करावा, नंबर जवळ ठेवावा. रस्त्यावर असं कुणी दिसलं तर पुढ्यात अन्न ठेवून निघून जाऊ नये. जवळच्या ठाण्यात किंवा संस्थेत कळवावं, आणि शक्य असेल तर दोन मिनिटं त्याच पायरीवर बसावं. पण उपचारांची ही दरी भरायची तर गोळ्या आणि इमारती यांच्याइतकीच माणसं लागतील, आणि त्या माणसांना आपण सेवेच्या नावाखाली जाळून टाकत राहिलो तर कुणी उरणार नाही. देणगीदार विचारतात, किती जणांना घरी पोचवलंत? त्यांनी हा प्रश्न जरूर विचारावा, त्या आकड्यामागं फार कष्ट आहेत. त्याच पत्रात त्यांनी आणखी एक प्रश्न लिहावा: तुमच्याकडे पाच वर्षांपूर्वी कामाला लागलेल्यांपैकी किती जण अजून आहेत, त्यांना रजा मिळते का, पगार वेळेवर होतो का, त्यांचं कोण ऐकतं? सेविकांच्या पगारासाठी आणि विश्रांतीसाठी दिलेला पैसा हा रुग्णाच्या उपचाराचाच पैसा आहे. तो तसा मोजला जाईल तेव्हा आपल्या संस्था टिकतील, आणि चाचींसारख्या बायका नव्या मुलींना त्या पायरीवर बसायला शिकवायला शिल्लक राहतील.